पत्ते फक्त १०२४: उत्तर कोरियाच्या इंटरनेटचा माग

१७५.४५.१७६.० पासून १७५.४५.१७९.२५५ पर्यंत. अडीच कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशाच्या नावावर नोंदलेले इंटरनेट पत्ते एवढेच, मोजून १०२४. आशिया-पॅसिफिक भागात आयपी पत्ते वाटणारी संस्था म्हणजे एपनिक. तिच्या नियमानुसार २०११ ते २०१९ या काळात शेवटच्या राखीव साठ्यातून कुठल्याही सदस्याला जास्तीत जास्त एवढाच तुकडा मिळायचा. म्हणजे आपल्याकडे तालुक्याच्या गावी ब्रॉडबँड देणाऱ्या छोट्या आयएसपीकडे जेवढे पत्ते असतात, तेवढ्यावर प्योंगयांगचं अख्खं सरकार चालतं.

आणि तरीही बांगलादेशची मध्यवर्ती बँक, हॉलिवूडचा एक स्टुडिओ, पुण्याची एक सहकारी बँक आणि मुंबईतलं एक क्रिप्टो एक्सचेंज, या सगळ्यांच्या तपासाचं बोट शेवटी याच देशाकडे वळलं. हे बोट कसं वळलं आणि ते किती भक्कम पुराव्यावर वळलं, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. उत्तर कोरियाचं इंटरनेट आणि उत्तर कोरियाचे सायबर हल्ले यांचे नकाशे वेगवेगळे आहेत. पहिला नकाशा कुणालाही बघता येतो. दुसरा हल्लेखोरांच्या हातून राहून गेलेल्या गोष्टींमधून जोडावा लागतो. दोन्ही नकाशे एकमेकांना स्पर्श करतात अशा जागा फार थोड्या आहेत, आणि तपासाचं सगळं यश त्या मोजक्या जागांवर उभं आहे.

आधी पहिला नकाशा

उत्तर कोरियाला .केपी हे देशाचं डोमेन २००७ मध्ये मिळालं. सुरुवातीला ते प्योंगयांगमधून नव्हे, तर बर्लिनमधल्या केसीसी युरोप या कंपनीकडून चालायचं. जोडणी उपग्रहावरून होती. २००९ च्या डिसेंबरात १०२४ पत्त्यांचा तुकडा स्टार जॉइंट व्हेंचर या कंपनीच्या नावे झाला. ही कंपनी म्हणजे उत्तर कोरियाचं टपाल-दूरसंचार खातं आणि थायलंडची लॉक्सले पॅसिफिक यांची भागीदारी. नोंदणीतला पत्ता प्योंगयांगच्या पोथोंगगांग जिल्ह्यातला र्‍यूग्योंग-दोंग. हा पत्ता लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

जगाशी जोडणारी वाट कित्येक वर्षं मुख्यतः एकच होती, चायना युनिकॉम. एकच रस्ता असलेल्या गावात कोण आलं-गेलं हे नाक्यावरच्या टपरीवरून कळतं, तसं हे जाळं बाहेरच्यांना दिसायचं. इंटरनेटवरचे राउटर 'आमच्याकडून या पत्त्यांपर्यंत जाता येईल' अशी घोषणा एकमेकांना सतत करत असतात. या पद्धतीला बीजीपी म्हणतात. या घोषणांची जाहीर नोंद ठेवणारे प्रकल्प आहेत. मोठ्या देशाच्या बाबतीत हजारो घोषणांच्या गर्दीत बदल शोधावा लागतो. इथे चार ओळी बघितल्या की काम झालं. सोनी पिक्चर्स या हॉलिवूड स्टुडिओवरच्या हल्ल्यानंतर २२ डिसेंबर २०१४ रोजी उत्तर कोरिया जवळजवळ साडेनऊ तास जगापासून तुटला, तेव्हा इंटरनेटच्या वाटांवर लक्ष ठेवणाऱ्या डिन रिसर्चच्या लोकांनी ते बसल्या जागी टिपलं.

त्याच मंडळींना १ ऑक्टोबर २०१७ रोजी आणखी एक गोष्ट दिसली. घोषणांमध्ये एक नवीन नाव उगवलं होतं: ट्रान्सटेलिकॉम, म्हणजे रशियन रेल्वेची दूरसंचार कंपनी. रशिया आणि उत्तर कोरिया यांच्यामध्ये तेव्हा जमिनीवरची एकच वाट होती, तुमेन नदीवरचा खासान-तुमांगांग रेल्वे पूल. केबल त्या पुलावरून गेली असावी, हा अंदाज त्यामुळे फार कठीण नव्हता. वेळ मात्र बोलकी होती. आदल्याच दिवशी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी दिली होती की अमेरिकेची सायबर कमांड उत्तर कोरियाच्या टेहळणी ब्युरो या गुप्तहेर संघटनेच्या संगणकांचं इंटरनेट तुंबवून ठेवत होती आणि ती मोहीम संपत आली आहे. एक रस्ता अडवता येतो हे कळल्यावर दुसरा काढला, असं वाटणं साहजिक आहे. या दोन घटनांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, पण मी तरी याला योगायोग म्हणायला कचरतो.

७ जून २०२५ ला पुन्हा काही तासांसाठी सगळं बंद पडलं. त्या वेळी चीनकडची आणि रशियाकडची, दोन्ही वाटा एकदम गेल्या. म्हणून बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या संशोधकांनी बिघाड देशाच्या आतला आहे असा निष्कर्ष काढला. दुसरी वाट नसती तर हे एवढ्या खात्रीने सांगता आलं नसतं.

आता आतलं जाळं. सामान्य उत्तर कोरियन माणूस या १०२४ पत्त्यांच्या वाटेलाही जात नाही. त्याच्यासाठी क्वांगम्योंग नावाचं देशांतर्गत जाळं आहे, आणि ते १० ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतं. आपल्या ऑफिसच्या लॅनमध्ये असतात तेच. बाहेरून तिथे पोहोचायला मार्ग नाही. या जाळ्याची कल्पना आली ती रेड स्टार या त्यांच्या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीममुळे. तिची तिसरी आवृत्ती बाहेर आल्यावर अभ्यासकांनी ती उलगडली. तिच्यातला ब्राउझर उघडल्याबरोबर १०.७६.१.११ या पत्त्याकडे धावायचा. जो पत्ता जगात कुठेही घरगुती राउटरच्या मागे असू शकतो, तो एका अख्ख्या देशाचं मुखपृष्ठ होता!

२०१५ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दोन जर्मन संशोधकांनी याच सिस्टीमची आणखी एक करामत दाखवली. पेन ड्राइव्हवरून आलेल्या फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांवर ती गुपचूप आपला शिक्का मारायची. फाइल नुसती उघडली तरी पुरे. पुढे ती फाइल कुणाकुणाच्या संगणकावरून फिरली याची साखळी त्या शिक्क्यांवरून काढता येते. लोकांना बाहेरचं जग दिसू नये यापेक्षा कुणी कुणाला काय दिलं हे कळावं, याचीच तिथल्या यंत्रणेला जास्त काळजी दिसते.

आणि १९ सप्टेंबर २०१६ ची गंमत. .केपी चा एक नेमसर्व्हर, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणारा सर्व्हर, चुकीचा मांडलेला होता आणि विचारेल त्याला तो पूर्ण यादी देत होता. एका सुरक्षा संशोधकाच्या स्वयंचलित प्रोग्रॅमने विचारलं, आणि त्याने दिली. देशाच्या डोमेनखाली एकूण २८ नावं निघाली. वृत्तसंस्था, विमान कंपनी, विमा, पाककृती, चित्रपट महोत्सव. संपलं. यात कुठेही हॅकिंग नव्हतं, सर्व्हरला नियमातला प्रश्न विचारला होता. नेमसर्व्हर सांभाळणाऱ्यांना यात हसण्यासारखं फार काही दिसणार नाही. ही चूक भल्याभल्यांकडे सापडते.

या पत्त्यांवर बसतं कोण?

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीने एप्रिल ते जुलै या तीन महिन्यांची वाहतूक तपासली. आत बसलेले लोक फेसबुक बघत होते, ऑनलाइन गेम खेळत होते, चिनी साइट्सवर व्हिडिओ पाहत होते. बहुतांश वापर मनोरंजनाचा. हे लोक म्हणजे मुख्यतः सत्तेच्या आतल्या वर्तुळातली कुटुंबं. निर्बंधांमुळे हा वर्ग जगापासून तुटलेला आहे, ही समजूत तिथेच मोडली.

माझ्या दृष्टीने त्या अहवालातली मोलाची गोष्ट वेगळी आहे. त्या पत्त्यांवरून हल्ल्याची म्हणावी अशी हालचाल जवळजवळ दिसत नव्हती. मग हल्ले कुठून होतात? अहवालाचा अंदाज होता, देशाबाहेरून. विद्यार्थी, कंत्राटी कामगार आणि व्यापारी प्रतिनिधी म्हणून उत्तर कोरियन माणसं जिथे जिथे राहतात, तिथून. त्या देशांच्या यादीत भारतही होता. तीन वर्षांनी त्याच कंपनीने पुन्हा पाहिलं तेव्हा वाहतूक तिपटीने वाढली होती आणि रशियाकडची वाट जास्त वापरली जात होती. ओळख लपवण्याची साधनंही तोवर सरसकट झाली होती. अहवाल जाहीर झाले की ज्यांच्यावर अहवाल असतो तेही ते वाचतात. या क्षेत्रातला हा कायमचा पेच आहे.

चुकलेला पत्ता

पत्ता सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला, असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१३ सालचं सोल आठवावं.

२० मार्च २०१३ ला दुपारी दोनच्या सुमारास दक्षिण कोरियातल्या तीन वाहिन्या आणि काही बँका यांचे हजारो संगणक एकाच वेळी कोरे झाले. केबीएस, एमबीसी, वायटीएन. शिन्हान बँक आणि शेतकऱ्यांची सहकारी बँक नोंगह्यप. दुसऱ्या दिवशी सरकारी आयोगाने जाहीर केलं की हल्ल्याचा माग चीनमधल्या एका आयपी पत्त्यापर्यंत गेला आहे. बातमी जगभर गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आयोगाला ती मागे घ्यावी लागली. तो पत्ता चीनमधला नव्हताच. नोंगह्यप बँकेने आपल्या आतल्या जाळ्यात एका संगणकाला स्वतःच दिलेला तो पत्ता होता, आणि योगायोगाने तोच पत्ता बाहेरच्या जगात एका चिनी जाळ्याच्या नावावर होता.

कुणी अंतर्गत जाळं मांडताना खासगी राखीव पत्त्यांऐवजी मनाला येतील ते आकडे टाकले की हे होतं. आपल्याकडच्या जुन्या ऑफिसांमध्येही असले पत्ते अजून भेटतात. एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाकडे बोट दाखवलं ते या असल्या निष्काळजीपणामुळे.

एप्रिलमध्ये संयुक्त तपास पथकाने दुसरा निष्कर्ष मांडला. या वेळी पत्ता होता १७५.४५.१७८ च्या पट्ट्यातला, म्हणजे थेट र्‍यूग्योंग-दोंगचा. हल्लेखोर एरवी मधले अनेक सर्व्हर वापरत असत, पण तांत्रिक अडचणीमुळे काही मिनिटं खरा पत्ता उघडा पडला होता. पत्ता बनावट असू शकतो, या शंकेला पथकाने दिलेलं उत्तर महत्त्वाचं होतं. संवाद दोन्ही बाजूंनी झाला होता. खोटा पत्ता लावून एकतर्फी मारा करता येतो. पण उत्तर परत येऊन संभाषण पूर्ण व्हायचं असेल तर त्या पत्त्यावर कुणीतरी खरंच बसलेलं असावं लागतं, किंवा तिथला संगणक तरी कुणाच्या ताब्यात असावा लागतो. त्या चिनी पत्त्यामागे असलं काहीच नव्हतं.

राहून गेलेल्या गोष्टी

सोनी पिक्चर्सवर २४ नोव्हेंबर २०१४ ला हल्ला झाला, आणि एफबीआयने १९ डिसेंबरला उत्तर कोरियाचं नाव घेतलं. सुरक्षा क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा शंका घेतली, आणि ती रास्त होती, कारण पुरावा कुणी दाखवलाच नव्हता. जानेवारीत एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी थोडा पडदा उचलला. हल्लेखोर बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या सर्व्हरआडून यायचे, पण अनेकदा त्यांच्याकडून हयगय झाली आणि ते फक्त उत्तर कोरियाच वापरत असलेल्या पत्त्यांवरून थेट जोडले गेले. चूक लक्षात येताच त्यांनी जोडणी तोडली.

इथे त्या छोट्या तुकड्याचं महत्त्व कळतं. अमेरिकेतल्या किंवा भारतातल्या आयपीवरून कुणी आलं तर तो कोट्यवधींपैकी एक असतो. या १०२४ मधून कुणी आलं तर सामान्य नागरिकाचा प्रश्नच उरत नाही, कारण सामान्य नागरिक तिथे नाहीच. देशाने लोकांना इंटरनेटपासून लांब ठेवलं आणि त्यामुळे आपल्याच हॅकरांना लपायला गर्दी ठेवली नाही.

सगळ्यात रंगतदार नोंद कॅस्परस्की या रशियन सुरक्षा कंपनीच्या २०१७ मधल्या अहवालात आहे. उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लॅझरस या हॅकर गटाची बँका फोडणारी शाखा युरोपातला एक सर्व्हर नियंत्रणासाठी वापरत होती. हे लोक जाताना माग पुसून जातात; लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, मिळणं जवळपास अशक्य. पण या सर्व्हरवर त्यांनी जाता जाता मोनेरो हे आभासी चलन काढणारा प्रोग्रॅमही बसवला. त्याने यंत्राची सगळी ताकद खाल्ली, सर्व्हर गोठला आणि साफसफाई राहून गेली. त्या लॉगमध्ये २०१७ च्या जानेवारीतल्या एका दिवशी निरनिराळ्या देशांच्या मधल्या सर्व्हरांवरून आलेल्या जोडण्या होत्या, आणि त्यांच्यात एक अगदी छोटी जोडणी १७५.४५ ची. बँकांमधून कोट्यवधी डॉलर काढणारी मंडळी चिल्लर मिळवायच्या नादात सापडली, असं म्हणायचा मोह होतो. कॅस्परस्कीने तो आवरला. ही जोडणी कुणी मुद्दाम दिशाभूल करायला पेरलेली असू शकते, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

या सगळ्याला न्यायालयीन रूप मिळालं ते अमेरिकेच्या न्याय विभागाने ६ सप्टेंबर २०१८ ला खुल्या केलेल्या १७९ पानी तक्रारीत. आरोपी पार्क जिन ह्योक. चीनच्या दालियनमध्ये चोसुन एक्स्पो या आडकंपनीसाठी काम केलेला प्रोग्रॅमर. आयपी, डीएनएस यांच्याशी ज्यांचं रोजचं काम पडतं अशा प्रत्येकाने ही तक्रार एकदा तरी वाचावी असं मी सांगेन. तिच्यात एकही निर्णायक पुरावा नाही, आणि तेच तिचं बळ आहे. चोसुन एक्स्पोच्या नावाने उघडलेला ईमेल, त्याला पर्यायी म्हणून दिलेला दुसरा ईमेल, दोन्ही उघडले गेले तो आयपी, त्याच आयपीवरून चाललेलं बनावट फेसबुक खातं, त्या खात्यावरून सोनीच्या लोकांना गेलेले दुवे, त्याच कुळातल्या ईमेलवरून बांगलादेश बँकेला गेलेला नोकरीचा अर्ज. उत्तर कोरियाच्या पत्त्यांना तक्रारीत क्रमांक दिले आहेत आणि कोणता क्रमांक कुठल्या दिवशी कुठल्या खात्यात शिरला हे पानोपानी मांडलं आहे. १७५.४५ सोबत तिथे २१०.५२.१०९ हा पट्टाही येतो. तो चिनी कंपनीचा, पण उत्तर कोरियाला वापरायला दिलेला. नुसत्या नोंदणीवर विसंबणाऱ्याने तो चीन म्हणून सोडून दिला असता.

बांगलादेश बँकेची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे ९५ कोटी १० लाख डॉलर पाठवण्याच्या ३५ सूचना गेल्या, ८ कोटी १० लाख डॉलर मनिलातल्या आरसीबीसी बँकेच्या ज्युपिटर स्ट्रीट शाखेत पोहोचले. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, अमेरिकेत शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची. कॅलेंडर बघून केलेलं काम.

पुणे, दुसरा शनिवार

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता. बँका बंद. त्या दिवशी कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातल्या एटीएममधून आणखी २,८०० च्या आसपास रुपे व्यवहारांत अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एएलएम ट्रेडिंग लिमिटेड या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतु:शृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. गंमत अशी की असा काहीतरी जागतिक एटीएम घाला येऊ घातल्याचा इशारा एफबीआयने बँकांना आदल्याच दिवशी दिला होता.

कार्ड स्वाइप झालं की एटीएमची विनंती बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच ती कोअर बँकिंगकडे पाठवून विचारतो, खात्यात पैसे आहेत का? हल्लेखोरांनी मधेच आपला एक बनावट स्विच उभा केला. ठरावीक कार्डांच्या विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचल्याच नाहीत. हा मधला स्विचच परस्पर 'मंजूर' म्हणत राहिला. म्हणून ग्राहकांच्या खात्यातली शिल्लक हलली नाही आणि पैसे बँकेचे गेले. ऑक्टोबरात अमेरिकी यंत्रणांनी याच पद्धतीला 'फास्टकॅश' नाव देऊन इशारा काढला, आणि नोव्हेंबरात सिमँटेक या सुरक्षा कंपनीने त्यामागचा प्रोग्रॅम दाखवला. तो एआयएक्स या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या सर्व्हरवर चालणारा होता आणि विनंत्या अडवून खोटी मंजुरी द्यायचा.

पुण्याचा तपास दोन वाटांनी गेला आणि त्या शेवटपर्यंत एकत्र आल्या नाहीत. एक वाट पोलिसांची. कोल्हापूरसह ठिकठिकाणच्या एटीएममधलं सीसीटीव्ही चित्रण, मोबाइल टॉवरच्या नोंदी, नकली कार्डं वाटणारे दलाल. त्यातून अटका झाल्या आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ही सगळी पैसे काढणारी, कमिशनवर राबणारी माणसं. कीबोर्डवर कोण होतं हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

दुसरी वाट न्यूयॉर्कहून आली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीच्या तज्ज्ञ पथकाने मार्च २०१९ च्या अहवालात कॉसमॉसचा हल्ला नाव घेऊन उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला. अमेरिकेतही धागा निघाला. पैसे काढणाऱ्या टोळ्या जमवणाऱ्या कॅनडाच्या एका नागरिकाने गुन्हा कबूल केला आणि २०२१ मध्ये त्याला अकरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. त्याच्या कबुलीत भारतातल्या एका बँकेवरचा २०१८ चा उत्तर कोरियन घालाही आहे.

मग पुणेकर ठेवीदाराने काय समजायचं? माझ्या मते, पोलिसांनी सिद्ध केलं ते कोर्टात टिकलं, पण ते साखळीची शेवटची कडी होतं. तज्ज्ञ पथकाने सांगितलं ते बहुधा खरं आहे, कारण पद्धत, प्रोग्रॅम, सुट्टीची निवड आणि पैशाची वाट हे सगळं जुळतं. पण ते भारतातल्या कुठल्याही न्यायाधीशासमोर तपासलं गेलेलं नाही. या दोन प्रकारच्या 'सिद्ध'मधला फरक बातम्यांमध्ये सरसकट पुसला जातो.

भारताचा दुसरा धागा कोडचा आहे. कॅस्परस्कीला भारतीय एटीएममधून कार्डाची माहिती टिपणारा एक प्रोग्रॅम सापडला, आणि त्याचा मागोवा घेताना डीट्रॅक नावाचं हेरगिरीचं मोठं हत्यार हाती लागलं. २०१९ च्या सप्टेंबरात ते जाहीर झालं. त्याचे तुकडे कशाशी जुळले? २०१३ च्या सोलमधल्या हल्ल्याशी. महिन्याभरात तोच डीट्रॅक कुडनकुलमच्या अणुवीज प्रकल्पाच्या संदर्भात चर्चेत आला. २९ ऑक्टोबरला प्रकल्पाकडून नकार, ३० ला अणुऊर्जा महामंडळाकडून कबुली: प्रशासकीय जाळ्यातला एक संगणक बाधित होता, प्रकल्पाच्या नियंत्रण यंत्रणेशी तो जोडलेला नव्हता. एका दिवसात झालेल्या या कोलांटीपेक्षा आधीच थोडं थांबून बोललं असतं तर बरं झालं असतं.

पत्ता हातात न राहिल्यावर

२०२३ च्या अखेरीस एका अमेरिकी अभ्यासकाला उत्तर कोरियाच्या पत्त्यावर पासवर्ड नसलेला एक साठवण सर्व्हर सापडला. आत ॲनिमेशनची चित्रं, चिनी भाषेतल्या सूचना आणि त्यांचं कोरियन भाषांतर. '३८ नॉर्थ' या अभ्यासगटाने २०२४ च्या एप्रिलमध्ये ते मांडलं. यातली काही चित्रं अमेरिकी मालिकांची होती. स्टुडिओंनी काम कुणाला दिलं, त्यांनी पुढे कुणाला, आणि ते प्योंगयांगला कसं पोहोचलं, हे बहुधा स्टुडिओंनाही ठाऊक नसावं. सर्व्हरच्या नोंदीत चीनच्या ल्याओनिंग प्रांतातली शहरं होती: दांदोंग, दालियन, शेनयांग. पार्क जिथे बसायचा तेच दालियन.

आजचा मुख्य धंदा मात्र या पत्त्यांपासून पुष्कळ लांब गेला आहे. ॲरिझोनातल्या एका महिलेने आपल्या घरात कंपन्यांचे लॅपटॉप मांडून ठेवले आणि उत्तर कोरियाचे आयटी कामगार दुरून त्यांच्यावर काम करत राहिले. तीनशेहून जास्त अमेरिकी कंपन्या, १ कोटी ७० लाख डॉलर. २०२५ च्या जुलैमध्ये तिला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या लॉगमध्ये दिसणारा आयपी अमेरिकेतल्या घराचा, आणि तो खराही. इथे बीजीपी बघून काही कळत नाही. पगाराचं खातं, लॅपटॉप पाठवायचा बदललेला पत्ता, दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर, मुलाखतीतला चेहरा, या गोष्टी तपासाव्या लागतात. म्हणजे सुरक्षा विभागाइतकंच एचआरचं काम झालं.

पुरावा मागणाऱ्यांसाठी आणखी एक दार बंद झालं. रशियाने मार्च २०२४ मध्ये नकाराधिकार वापरला आणि ३० एप्रिलला संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञ पथक विसर्जित झालं. तोवर त्याचे अहवाल वर्षातून दोनदा येत, परिशिष्टांसह. त्याच वर्षी १८ जुलैला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे २३.५ कोटी डॉलरची नाणी गेली. ती उत्तर कोरियाने नेली हे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या १४ जानेवारी २०२५ च्या संयुक्त निवेदनातून कळलं. निवेदनात एक ओळ, आकडा, नाव. १७९ पानी तक्रारीची सवय लागलेल्याला हे फारच त्रोटक वाटतं. ज्यांची आयुष्याची बचत तिथे अडकली होती त्यांना तर या एका ओळीतून काहीच हाती लागलं नाही.

ब्लॉकचेनवर मात्र उलटं घडतंय. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट एक्सचेंजमधून दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं. टोपणनावाने वावरणाऱ्या एका संशोधकाने काही तासांत दाखवलं की यातली काही रक्कम आणि जानेवारीत फेमेक्स नावाच्या एक्सचेंजमधून चोरलेली रक्कम एकाच पत्त्यावर येऊन मिसळली आहे. ही नोंद कुणालाही उघडून तपासता येते; त्यासाठी गुप्तहेर खात्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. २६ तारखेला एफबीआयने उत्तर कोरियाचं नाव घेतलं आणि पन्नासभर इथेरियम पत्त्यांची यादी प्रसिद्ध करून एक्सचेंजांना हे पैसे अडवायला सांगितलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त बिटकॉइनमध्ये फिरवून झाले होते.